बदली झाली? प्रवास भत्त्याचं देयक असं सादर करा

बदलीचा आदेश हातात पडला की घर, मुलांची शाळा, टेम्पो अशी धावपळ सुरू होते. त्याआधी आदेश एकदा शांतपणे वाचा. बदली 'लोकहितार्थ' आहे की 'स्वतःच्या विनंतीवरून', यावर पुढचं सगळं ठरतं. विनंती बदलीला प्रवास भत्ता मिळत नाही. आदेशात याबद्दल काहीच नसेल, तर कार्यमुक्त होण्याआधीच आस्थापना शाखेकडून लेखी खुलासा घ्या. एकदा गाव सोडलं की त्या एका ओळीसाठी महिनोन्‌महिने पत्रव्यवहार होतो.

ही माहिती केंद्र सरकारी कर्मचाऱ्यांची आहे, राज्य शासनाचे नियम वेगळे आहेत.

१ जुलै २०१७ पासूनच्या नियमांनुसार बदलीत चार गोष्टी मिळतात: स्वतःचं व कुटुंबाचं प्रवासभाडं, एकत्रित बदली अनुदान, घरसामानाची वाहतूक आणि वाहनाची वाहतूक. यातली मोठी रक्कम बहुधा अनुदानाची असते. नवं ठिकाण २० किलोमीटरहून दूर असेल तर शेवटच्या महिन्याच्या मूळ वेतनाच्या ८० टक्के. म्हणजे मूळ वेतन ४४,९०० असेल तर ३५,९२० रुपये, आणि त्यासाठी खर्चाची एकही पावती लागत नाही. २० किलोमीटरच्या आत किंवा त्याच शहरात बदली असेल तर याचा एक तृतीयांश, तोही राहतं घर खरोखर बदललं असेल तरच. पती-पत्नी दोघांचीही एकाच ठिकाणाहून एकाच ठिकाणी बदली ६० दिवसांच्या आत झाली, तर नंतर बदली झालेल्याला अनुदान नाही. ६० दिवसांनंतर पण सहा महिन्यांच्या आत झाली, तर निम्मं.

सामानाचं गणित वेगळं. वेतनस्तर ६ आणि त्यावरील कर्मचाऱ्यांना ६,००० किलोपर्यंत, स्तर ५ ला ३,००० आणि त्याखाली १,५०० किलो. रस्त्याने नेल्यास मूळ दर किलोमीटरला अनुक्रमे ५०, २५ आणि १५ रुपये. महागाई भत्ता ५० टक्क्यांनी वाढला की हे दर २५ टक्क्यांनी वाढतात. लक्षात ठेवा, ही कमाल मर्यादा आहे. प्रत्यक्ष खर्च कमी झाला तर तेवढाच मिळतो.

इथेच देयकं सर्वांत जास्त अडकतात. टेम्पोवाला कोऱ्या कागदावर 'सामान पोहोचले, रु. ३०,०००' असं लिहून देतो आणि घाईत आपण तेच खिशात घालतो. लेखा शाखेत तो कागद टिकत नाही. वाहतूकदाराचं छापील बिल घ्या. त्यावर तुमचं नाव, तारीख, कुठून कुठे, गाडीचा क्रमांक आणि जीएसटी क्रमांक हवा. पैसे बँकेतून दिले तर पुरावा आपोआप राहतो.

बिलाबरोबर बदली आदेश, कार्यमुक्ती आदेश, रुजू अहवाल, अंतिम वेतन प्रमाणपत्र, तिकिटं (विमानाचं असेल तर बोर्डिंग पासही) आणि प्रवास केलेल्या कुटुंबीयांची नावं-वयं जोडा. आगाऊ रक्कम घेतली असेल तर ती देयकात दाखवावीच लागते.

मुलांच्या परीक्षेसाठी कुटुंब मागे राहिलं तरी घाबरू नका. तुमच्या आधी एक महिन्यापर्यंत किंवा नंतर सहा महिन्यांपर्यंत त्यांनी केलेला प्रवास ग्राह्य धरतात. मात्र त्यांची वाट बघत स्वतःचं देयक रोखून धरू नका, कारण प्रवास संपल्यापासून ६० दिवसांत दावा दाखल करावा लागतो. पूर्वी ही मुदत वर्षाची होती, मार्च २०१८ मध्ये ती कमी झाली. आवक-जावक शाखेचा शिक्का असलेली पोच जपून ठेवा, दावा मुदतीत दिल्याचा तोच पुरावा.