डॅक वाचतो, अ‍ॅम्प ओरडतो

गेल्या महिन्यात मावसभावाचा फोन आला. "दादा, नवे स्पीकर आणलेत, पण आवाजात जीवच नाही. दुकानदार म्हणतो डॅक लाव. कोणता घेऊ?"

"जीव नाही म्हणजे नक्की काय? खरखरतो, घुमतो, की फाटतो?"

"मोठा केला की फाटतो."

मग डॅक कशाला, बाबा?

हा घोळ त्याच्या एकट्याचा नाही. डॅक म्हणजे आकड्यांत साठवलेल्या संगीताची वीज करणारा भाग, आणि अ‍ॅम्प्लिफायर, म्हणजेच अ‍ॅम्प, त्या विजेला स्पीकर हलवण्याइतकी ताकद देतो. डॅक आणि अ‍ॅम्प्लिफायर हल्ली एकाच काळ्या डबीत मिळतात, दोघांची नावं दुकानात जोडीनं घेतली जातात, आणि मग दुखणं एकाचं आणि औषध दुसऱ्याला असं होतं.

जुना मोडी कागद सापडलाय असं समजा. तो वाचणारा जाणकार अक्षर न् अक्षर बरोबर लावेल, पण त्याचा आवाज चावडीच्या बाहेर जायचा नाही. गावभर ऐकवायला दवंडीवालाच लागतो, आणि त्याला मोडी येत नाही. जाणकारानं जे सांगितलं तेच तो ओरडणार. डॅक हा पहिला गडी, अ‍ॅम्प दुसरा.

आता आकड्यांत. सीडीवरच्या एका सेकंदाच्या संगीतात प्रत्येक बाजूचे ४४,१०० आकडे असतात आणि प्रत्येक आकडा ६५,५३६ पायऱ्यांपैकी एका पायरीवर असतो (यालाच १६ बिट म्हणतात). त्या पायऱ्यांचा सलग विद्युतदाब करणं हे डॅकचं काम. सर्वात मोठ्या आवाजाला घरगुती डॅक साधारण २ व्होल्ट देतो, तेही अगदी नाममात्र करंटसह. ८ ओहमच्या स्पीकरला ५० वॅट द्यायचे तर लागतात २० व्होल्ट आणि अडीच अँपिअर. हा दहापट दाब आणि ही ताकद अ‍ॅम्पची. त्यामुळे फाटणं, दम लागणं, ढोलकीची थाप मऊ पडणं या तक्रारी बहुतेक वेळा अ‍ॅम्पकडे, स्पीकरकडे नाहीतर खोलीकडे जातात. डॅकच्या दारात त्यांचं काही काम नसतं.

शिवाय वाचनाचं काम आता फार स्वस्त झालंय. १९८२ साली सीडी बाजारात आली तेव्हा फिलिप्सकडे १४ बिटांचाच डॅक होता. चौपट वेगानं आकडे फिरवून त्यांनी त्यातून १६ बिटांचं काम काढून घेतलं. तेव्हा ती मोठी कारागिरी होती. आज अ‍ॅपलच्या बोटभर यूएसबी-सी डाँगलमध्येही इतका स्वच्छ डॅक असतो की कानाला त्यात खोट काढणं अवघड. (काही अँड्रॉइड फोनवर मात्र त्याचा आवाज दबलेला येतो, तेवढं बघून घ्या.) १६ बिटांत सर्वात हळू आणि सर्वात मोठ्या आवाजात सुमारे ९६ डेसिबलचं अंतर मावतं. आपल्या घरात त्यातला खालचा बराच भाग पंख्याची घरघरच खाऊन टाकते. आणि जुन्या नाट्यसंगीताच्या तबकड्यांवरून उतरवलेलं ध्वनिमुद्रण ऐकत असाल, तर मूळ तबकडीतच जे नाही ते कुठलाही डॅक आणून देणार नाही.

इथे कुणीतरी 'आर-टू-आर' डॅकचा विषय काढणारच. डॅक बनवण्याच्या त्या पद्धतीत रोधांची (रेझिस्टरांची) शिडी असते. प्रत्येक बिटाला एक पायरी आणि सगळ्या पायऱ्या तंतोतंत जुळाव्या लागतात. दुसरी, 'डेल्टा-सिग्मा' पद्धत थोड्याच बिटांवर पण प्रचंड वेगानं काम करते आणि उरलेला गोंगाट कानाच्या टप्प्याबाहेर ढकलते. ऑक्टोबर २०२० मध्ये जपानात नोबेओका इथे डॅकच्या चिप बनवणाऱ्या एकेएम कंपनीच्या कारखान्याला आग लागली, तेव्हा अनेक उत्पादकांना ईएसएस या दुसऱ्या कंपनीच्या चिपकडे वळावं लागलं. चिपच्या नावावरून भांडणाऱ्या मंडळींनी त्यानंतर जरा शांत व्हायला हवं होतं. झाले नाहीत. शिडीचा आकार आवडत असेल तर जरूर घ्या; पण तिच्यामुळे तानपुऱ्याची जवारी जास्त खरी वाटते, या म्हणण्यावर मी पैसे लावणार नाही.

कारण मी स्वतः फसलोय. पहिला बाहेरचा डॅक आणला तेव्हा आठवडाभर मी हरखून गेलो होतो. मग मल्टिमीटरनं १०० हर्ट्झचा सूर मोजला. फोन १ व्होल्ट देत होता, डॅक २. म्हणजे ६ डेसिबलचा फरक, आणि थोडा मोठा आवाज कानाला नेहमीच 'चांगला' वाटतो. दोन्हीची पातळी सारखी करून मुलाला गुपचूप अदलाबदल करायला सांगितलं. मला एकदाही खात्रीनं सांगता आलं नाही. मुलाला फार मजा वाटली.

हेडफोनच्या बाबतीत गोंधळ आणखी. सेनहायझरचा एचडी ६०० हा ३०० ओहमचा. १ व्होल्टवर त्याला तीनेक मिलिवॅट मिळतात आणि तेवढ्यावर तो बऱ्यापैकी मोठा वाजतो. पण काही प्लॅनर (सपाट, पातळ पडद्याचे) हेडफोन इतके मठ्ठ असतात की त्यांना खरोखरच वेगळा अ‍ॅम्प लागतो. नुसता चांगला डॅक लावला तर तोच हळू आवाज जास्त अचूक ऐकू येईल.

मग डॅक घ्यायचा कधी? संगणकाच्या जॅकमधून माऊस हलवला की किणकिण ऐकू येते तेव्हा. फोनला जॅकच नसतो तेव्हा. टीव्हीला फक्त ऑप्टिकल आउट आणि तुमच्या जुन्या अ‍ॅम्पला फक्त ऑक्स (तारेनं साधा आवाज घेणारं भोक), तेव्हा तर हमखास. अर्थिंगच्या भानगडीतून ५० हर्ट्झची घूं येत असेल, तर ऑप्टिकल तारेवर चालणारा डॅक बरेचदा ती थांबवतो, कारण त्या तारेतून प्रकाश जातो, वीज नाही. जोडताना मात्र जुन्या अ‍ॅम्पच्या 'फोनो' भोकात घालू नका. ते तबकडीच्या सुईसाठी असतं. तिथे डॅकचा सूर फाटून विचित्र होतो. ब्लूटूथ हेडफोनवाल्यांनी फोनला डॅक लावण्याच्या फंदात पडूच नये, त्यांचा डॅक आणि अ‍ॅम्प दोन्ही कानावरच आहेत. होम थिएटरच्या रिसीव्हरमध्येही डॅक असतोच, आणि बाहेरच्या डॅककडून आलेला सूर तो बरेचदा पुन्हा आकड्यांत बदलून टाकतो.

मावसभावाकडे शेवटी जाऊन आलो. स्पीकरमागे पानसुपारीच्या डब्याएवढा अ‍ॅम्प, वर '५० वॅट + ५० वॅट' असं छापलेलं, आणि त्याला जोडलेला १२ व्होल्टचा अ‍ॅडॅप्टर. १२ व्होल्टवर असा अ‍ॅम्प ८ ओहमला फार तर ९ वॅट देणार. पुढे लाट वरून-खालून कापली जाते आणि तेच फाटणं. मागे बारीक अक्षरांत '१२ ते २४ व्होल्ट' लिहिलेलं होतं. पुण्याच्या तपकीर गल्लीतून २४ व्होल्टचा, पुरेशा अँपिअरचा अ‍ॅडॅप्टर आणला. दाब दुप्पट, ताकद चौपट.

डॅक त्यानं नंतर घेतलाच, टीव्हीसाठी, साधाच. पहिल्या दिवशी त्यातून आवाजच येईना. टीव्हीच्या सेटिंगमध्ये ऑप्टिकल आउट 'डॉल्बी'वर होतं, आणि ती दाबून बांधलेली भाषा साध्या डॅकला कळत नाही. ते 'पीसीएम'वर, म्हणजे साध्या आकड्यांवर केलं आणि बातम्या सुरू झाल्या.