वैरण सरकवणारं यंत्र आणि वैरण टाकणारं यंत्र

मुक्त गोठ्यात गव्हाणीच्या कडेने एखादं यंत्र आपोआप फिरताना दिसलं की 'इथे गाईंना यंत्रच खाऊ घालतं' असं सर्रास म्हटलं जातं. पण अशी यंत्रं दोन तऱ्हेची असतात. एक यंत्र नवं काहीच देत नाही. गाईंनी खाताना लांब लोटलेली वैरण ते परत त्यांच्या पुढ्यात सरकवतं, एवढंच त्याचं काम. दुसरं यंत्र कुट्टी, मुरघास, पेंड, खनिजं यांचं ताजं मिश्रण, म्हणजे टीएमआर, थोडं थोडं करून दिवसातून अनेकदा टाकतं. टाकणारी काही यंत्रं जाता जाता सरकवतातही, त्यामुळे गोंधळ आणखी वाढतो. गाईला मात्र दोन्हींतला फरक लगेच कळतो.

आधी सरकवण्याचं पाहू. गाय मिश्रण सरळ खात नाही. ती नाकाने उकरते, तळाचे दाणे शोधते आणि लांब काड्या पुढे उडवते. काही तासांत वैरणीचा ढीग तिच्या तोंडापासून दूर जातो. मग ती मान आडव्या दांड्यावर रेटून जीभ ताणते. मानेवरचे केस गेलेले किंवा तिथे सूज आलेली दिसली, तर या रेटण्याकडे आधी पाहावं. गव्हाण भरलेली दिसते आणि गाय अर्धपोटी राहते, ही अवस्था सरकवल्याने टळते. ईशान्य स्पेनमधल्या 47 कळपांचा एक अभ्यास 2008 साली प्रसिद्ध झाला. सगळ्यांचं खाद्य एकच, तरी कळपांचं सरासरी दूध दिवसाला 20.6 ते 33.8 किलो इतकं वेगवेगळं होतं. वैरण सरकवणाऱ्या गोठ्यांत ते सुमारे 28.9 किलो, न सरकवणाऱ्यांत 25 किलो भरलं. हा सगळा फरक एकट्या सरकवण्याचा असं मी म्हणणार नाही. जो मालक वैरण सरकवतो तो इतर गोष्टींकडेही लक्ष देत असणार. पण दुर्लक्ष करण्याजोगा हा आकडा नाही.

आता ताजी वैरण टाकण्याचं. कॅनडातल्या ब्रिटिश कोलंबिया विद्यापीठाच्या संशोधकांनी गाईंच्या खाण्याच्या वेळा बारकाईने नोंदवल्या. ताजं मिश्रण पडलं की गाई गव्हाणीकडे येतात, दूध काढून झाल्यावरही येतात. नुसती वैरण सरकवली तर तशी हालचाल होत नाही. मला हे स्वाभाविक वाटतं, कारण जवळ आलेली वैरण उकरून दाणे काढून घेतलेलीच असते.

आणि इथेच कळपातल्या दबलेल्या गाईंचा प्रश्न येतो. दिवसातून एकदाच वैरण पडली तर दांडग्या गाई आधी येतात आणि दाणेदार भाग संपवतात. पहिल्या वेताची, बुजरी गाय मागून येते तेव्हा काड्या उरलेल्या असतात. दाणेच जास्त खाणाऱ्या दांडगीच्या कोठीपोटात, म्हणजे वैरण आंबते त्या मोठ्या पोटात, आम्लता वाढण्याचा धोका, बुजरीला पोषण कमी, असं एकाच गव्हाणीवर दोघींचं नुकसान होतं. याच विद्यापीठाच्या प्रयोगांत वैरण टाकण्याच्या खेपा वाढवल्यावर निवडून खाणं कमी झालं. गाईंमधल्या धक्काबुक्कीचं एकूण प्रमाण तेवढंच राहिलं, पण दबलेल्या गाईंना गव्हाणीवरून हुसकावण्याचे प्रसंग घटले. माझ्या लेखी टाकणाऱ्या यंत्राचा सगळ्यात मोठा गुण हाच. उन्हाळ्यात तापणारं मिश्रण थोडं थोडं ताजं मिळतं, हा आणखी एक फायदा.

म्हणून खेपा हव्या तितक्या वाढवाव्यात का? तसंही नाही. गाय दिवसाचे साधारण तीन ते पाच तास खाण्यात घालवते, आणि बारा तासांच्या आसपास तिला पडून राहायला हवं असतं. तिचं बरंचसं रवंथ बसूनच होतं. प्रत्येक ताज्या खेपेला कळप उठतो. दिवसातून चार-पाचदा वैरण टाकून पाहिलेल्या काही चाचण्यांत गाई अस्वस्थ राहिल्या आणि त्यांचं बसणं घटलं. त्यामुळे रात्री उशिरा ताजी खेप न टाकता फक्त सरकवावं, असं माझं मत आहे: ज्या गाईला भूक आहे तिला खायला मिळतं आणि बाकीच्यांची झोपमोड होत नाही. गव्हाणीवर जागाच अपुरी असेल, एका गाईला साठ सेंटिमीटरसुद्धा मिळत नसतील, तर दोन्हींपैकी कोणतंही यंत्र ती गर्दी कमी करणार नाही.

कोणतं यंत्र हवं हे ठरवण्याआधी, वैरण टाकून चार-पाच तास झाल्यावर गव्हाण नीट पाहावी. गाईंच्या तोंडाखाली जमीन उघडी आणि पलीकडे ढीग, तर सरकवणं कमी पडतंय. तोंडाखाली वैरण आहे पण तिच्यात फक्त लांब काड्या उरल्यात, तर खेपा वाढवण्याची आणि कुट्टी किती बारीक होतेय हे तपासण्याची गरज आहे. दोन्हीकडे काहीच उरलं नसेल, तर आधी वैरणीचं प्रमाण वाढवावं.