आधी चघळा, मग बसा

दादरच्या एका अभ्यासिकेत दुपारी साडेतीनला डोकी पुस्तकांवर टेकायला लागतात. माझा भाचा तिथे सीएचा अभ्यास करतो. डुलकी लागू नये म्हणून तो तासन्‌तास चुइंगम चघळायचा. त्या मचमचीला कंटाळून शेजारच्या मुलाने जागा बदलली. "मामा, याने खरंच झोप उडते का?" त्याने विचारलं.

कानशिलावर दोन बोटं ठेवून दाढा आवळा. बोटांखाली जो टरारतो, तो चावण्याचा स्नायू. चघळताना तो साधारण सेकंदाला एकदा आवळतो-सुटतो आणि त्याची खबर ट्रायजेमिनल नावाच्या नसेतून मेंदूच्या देठाशी पोचते. आपल्याला जागं ठेवणारी केंद्रंही तिथेच आहेत. हृदयाचे ठोकेही किंचित वाढतात. तरतरी खोटी नाही.

कार्डिफ विद्यापीठात ३८ जणांवर एक प्रयोग झाला, २०१३ साली तो प्रसिद्ध झाला. अर्धा तास कानावर १ ते ९ मधले आकडे पडत राहायचे. विषम-सम-विषम अशी तिकडी लागली की ओळखायची. ऐकूनच जांभई यावी असं काम! सुरुवातीला न चघळणारेच जरा सरस होते. शेवटी मात्र चघळणाऱ्यांनी त्यांना गाठून मागे टाकलं.

अमेरिकेतल्या सेंट लॉरेन्स विद्यापीठाचा २०११ मधला निष्कर्ष याहून कामाचा वाटतो. चाचणीआधी पाच मिनिटं चघळणाऱ्यांना फायदा झाला, तोही पहिली पंधरा-वीस मिनिटंच. चाचणी चालू असताना चघळणाऱ्यांना काहीच नाही. जबडा हलवायलाही मेंदूचा थोडा वाटा लागतो, आणि अवघड कामात तोच वाटा कमी पडतो, असं संशोधकांना वाटतं. कंटाळवाण्या कामात तो वाटा तसाही पडूनच असतो, ही माझी पुस्ती.

जाता जाता: चुइंगम मुळात चिकूच्या झाडाच्या चिकाचं. मध्य अमेरिकेतले माया लोक तो चघळत. डहाणू-घोलवडचे चिकू देणारं झाड त्याच जातीचं. हल्लीचं चुइंगम मात्र बहुतेक कृत्रिम रबराचं असतं.

भाचा आता अभ्यासिकेच्या जिन्यात पाच मिनिटं चघळतो, कागदात गुंडाळून डब्यात टाकतो आणि मग वर जातो. शेजारचा मुलगा जुन्या जागेवर परत आलाय.