वीस लेंग्थची आघाडी म्हणजे नेमकी किती?

शेवटच्या वळणाला घोडा वीस लेंग्थ पुढे होता आणि तरी हरला, की स्टँडमधला निकाल ठरलेला असतो: जॉकीनं रेस विकली. तोच घोडा शेवटपर्यंत टिकला, तर मागच्या सगळ्या जॉकींनी मिळून विकली. लबाडी या धंद्याला नवी नाही, हे मान्य. पण एकटाच पुढे सुटलेला घोडा जिंकतो किंवा हरतो त्यामागे बहुतेक वेळा साधा हिशेब असतो, आणि तो हिशेब डोळ्यांना दिसत नाही. डोळ्यांना दिसतं ते अंतर. जॉकी मोजतो ती वेळ.

एक लेंग्थ म्हणजे नाकापासून शेपटीच्या बुडापर्यंत घोड्याची लांबी, अंदाजे २.४ मीटर. वीस लेंग्थ म्हणजे ४८ मीटर. ऐकायला प्रचंड वाटतं. पण सेकंदाला साडेसोळा मीटर कापणाऱ्या घोड्याला हे अंतर पार करायला तीन सेकंदही लागत नाहीत. अडीच मिनिटांच्या रेसमध्ये तीन सेकंद म्हणजे दोन टक्के. आता शेवटचे ६०० मीटर घ्या. दमलेला पुढारी ते ३७ सेकंदांत कापतो असं धरू. मागच्याला तेवढ्याच वेळात ६४८ मीटर कापायचे आहेत, म्हणजे त्याचे ६०० मीटर ३४.३ सेकंदांत व्हायला हवेत. ताज्या घोड्याला हे अवघड आहे, अशक्य मुळीच नाही.

त्यात आणखी एक फसवणूक आहे. तीन सेकंदांचं अंतर ताशी साठ किलोमीटरच्या वेगाला ५० मीटर दिसतं. पुढचा घोडा चढावर किंवा वळणावर मंदावला आणि सेकंदाला १४ मीटरवर आला, की तेच तीन सेकंद ४२ मीटर दिसतात. स्टँडमधून ओरडा होतो, ‘पकडला, पकडला!’ प्रत्यक्षात कुणी काही पकडलेलं नसतं. मागचे त्याच चढाला आले की तेही मंदावतात आणि अंतर पुन्हा ताणतं. म्हणून मुरलेला जॉकी मागच्यांच्या टापा किती जवळ आल्या यापेक्षा आपला फर्लांग किती सेकंदांत गेला हे आधी बघतो. फर्लांग म्हणजे २०१ मीटर. १२ सेकंदांचा फर्लांग म्हणजे ताशी साठ किलोमीटर. सकाळच्या सरावात हे घड्याळ डोक्यात पक्कं बसवावं लागतं, अर्ध्या सेकंदाच्या आत.

अशा रेसचं सगळ्यात गाजलेलं उदाहरण म्हणजे सेक्रेटेरिएट हा अमेरिकन घोडा. ९ जून १९७३, बेलमाँट स्टेक्स, दीड मैल, ३१ लेंग्थनं विजय, वेळ २ मिनिटं २४ सेकंद. ‘शेवटी तो उडाला’ असं अजून सांगितलं जातं. त्याचे पाव-पाव मैल बघा: २३.६, २२.६, २३.६, २४.४, २४.८, २५.० सेकंद. दुसऱ्या पाव मैलानंतर तो प्रत्येक टप्प्याला मंदावतच गेला आहे. आघाडी वाढत होती कारण मागचे त्याहून जास्त मंदावत होते. सुरुवातीला त्याच्या खांद्याला खांदा लावून पळालेला शॅम तर शेवटच्या, पाचव्या क्रमांकावर गेला. रेसच्या शेवटी दिसणारा ‘वेग’ बहुधा असाच असतो. सगळेच मंदावत असतात, जिंकणारा कमी मंदावतो.

(सेक्रेटेरिएटचं हृदय दहा किलोंचं होतं, हीही एक आवडती दंतकथा. ते हृदय कुणी वजन काट्यावर ठेवलंच नव्हतं; शवविच्छेदन करणाऱ्या डॉक्टरांचा तो नजरेचा अंदाज होता. ते असामान्य मोठं होतं एवढंच खरं. त्यावरून आईकडून उतरणाऱ्या ‘मोठ्या हृदयाच्या जनुका’चा जो व्यापार उभा राहिला, त्यामागचं जनुक काही सापडलेलं नाही.)

हे मंदावणं येतं कुठून? इथे घोड्याची एक विलक्षण अडचण आहे. घोड्याला तोंडानं श्वास घेता येत नाही, फक्त नाकानं. आणि चौखूर धावताना त्याचा श्वास त्याच्या पावलांना बांधलेला असतो: एका झेपेला एकच श्वास. चारही पाय हवेत असताना हवा आत जाते. मग पुढच्या पायांवर भार येतो, छाती दाबली जाते, आणि हवा बाहेर ढकलली जाते. झेप साधारण सात मीटरची, मिनिटाला सुमारे १४० झेपा, म्हणजे १४० श्वास, प्रत्येकी १२ ते १५ लिटर. हवा आत घ्यायला जेमतेम पाव सेकंद मिळतो. माणूस धावता धावता दम लागला तर पावलांची लय तशीच ठेवून भराभर श्वास घेऊ शकतो. घोड्याला ती सोय नाही. जास्त श्वास हवेत तर जास्त झेपा टाकाव्या लागतात, आणि झेप आखूड झाली की श्वासही उथळ होतो. दमल्या घोड्यावर चाबूक चालवून पावलं वाढवली तर नेमकं हेच होतं.

बाकी यंत्रणा जबरदस्त आहे. विश्रांतीला मिनिटाला तीस-चाळीस ठोके देणारं हृदय २२० च्या वर जातं. प्लीहा आकसून साठवलेल्या तांबड्या पेशी रक्तात सोडते. तरीही रक्त फुप्फुसांतून इतक्या झपाट्यानं जातं की त्याला पुरता ऑक्सिजन घ्यायलाही वेळ मिळत नाही. ऑक्सिजनवर जेवढा वेग भागतो त्याच्या वरचा प्रत्येक सेकंद उसनवारीवर चालतो. ग्लायकोजेन, म्हणजे स्नायूंत साठवलेली साखर, ऑक्सिजनशिवाय फोडलं जातं, रक्तातलं लॅक्टेट लिटरला एका मिलिमोलच्या आसपास असतं ते रेसनंतर २५ ते ३० वर जातं, स्नायूंचा पीएच ७ वरून साडेसहाच्या जवळ घसरतो. ‘पेट्रोल संपलं’ हे चुकीचं आहे. दोन-अडीच मिनिटांच्या रेसनंतरही स्नायूंत भरपूर ग्लायकोजेन शिल्लक असतं. अडतं ते हायड्रोजन आयन आणि फॉस्फेट साचल्यामुळे. पेशीतल्या कोठ्यांमधून कॅल्शियम पुरेसं सुटत नाही, सुटलेलं तंतूंना नीट पकडता येत नाही, आणि प्रत्येक आकुंचन थोडं दुबळं पडतं. झेप सात मीटरवरून साडेसहावर येते. टाकीत तेल आहे, पण इंजिन ते जाळायला तयार नाही.

म्हणून सारख्या वेळेचे दोन घोडे सारखे दमत नाहीत. एकानं पहिले १००० मीटर ५७ सेकंदांत आणि दुसरे ६३ मध्ये काढले, दुसऱ्यानं ६० आणि ६०. दोघांची वेळ दोन मिनिटंच. हवेच्या विरोधाचा हिशेब केला तर दोघांच्या खर्चात एक टक्क्याचाही फरक निघत नाही. फरक पडतो तो उसनवारीत, कारण पहिल्यानं ती फार लवकर आणि फार मोठी घेतली. याचा अर्थ सुरुवात हळू करावी असाही नाही. फ्रान्समधल्या रेसच्या नोंदी घेऊन २०२० मध्ये दोन गणितज्ञांनी घोड्याच्या वेगाचं गणित मांडलं. त्यात जोरदार सुरुवात फायद्याची निघाली, अर्थात हद्दीच्या आत.

पुढे सुटणाऱ्या जॉकीचं कसब त्यामुळे दुसऱ्याच टप्प्यात दिसतं. गेट उघडल्यावर पहिले दोनशे-तीनशे मीटर घोडा हाकून रेल, म्हणजे ट्रॅकची आतली कड, पकडायची, हे दिसायला सोपं आहे. (आतला गेट नंबर इथे खरोखर उपयोगी पडतो. लकी नंबरचा उपयोग फक्त तिकीट घेणाऱ्याच्या मनाला.) रेलचं गणित स्वच्छ आहे: अर्धवर्तुळाकार वळणावर एक मीटर बाहेरून गेलं की ३.१४ मीटर जास्त धावावं लागतं, वळण केवढंही मोठं असो. तीन मीटर बाहेरून जाणारा एका वळणात जवळजवळ चार लेंग्थ फुकट घालवतो. एकट्या पुढाऱ्याला रेल मोकळी असते, कळपातल्या सगळ्यांना ती मिळत नाही.

मग येतो श्वास चोरण्याचा टप्पा. पहिल्या वळणात शिरताना जॉकी हात खाली आणतो, लगामाचे दोन्ही पट्टे एकावर एक धरून मानेच्या बुडाशी टेकवतो आणि तिथेच ठेवतो. ओढत नाही. ओढलं की घोडा तोंडातल्या लोखंडाशी भांडतो, मान वर करतो, आणि वाचवायची ती ताकद त्या भांडणात जाते. हात शांत राहिले तर घोडा स्वतःहून झेप लांब आणि सावकाश करतो. १२ सेकंदांचा फर्लांग १२.६ वर येतो. कान पुढे-मागे सहज हलत असतील तर घोडा निवांत आहे. कान मागे चिकटले आणि तोंड उघडं असेल तर ही रेस बहुधा गेली. असे चार फर्लांग काढले तर २.४ सेकंद खर्च होतात. म्हणजे तीन सेकंदांची आघाडी कमावून त्यातलं बरंचसं परत द्यायचं, आणि ते मागच्यांच्या लक्षात येऊ द्यायचं नाही. मागचे मंदावले त्याच वेळी तुम्ही मंदावलात तर आघाडीतलं काहीच जात नाही. लवकर मंदावलात तर ते स्वस्तात येऊन मिळतात. मंदावलाच नाहीत तर शेवटच्या फर्लांगात पाय शिसं होतात.

आणि घोडा कळपातला प्राणी. समोर-बाजूला कुणी नसलं की काही घोडे रेंगाळतात, स्टँडकडे बघतात. अशांना झापडं लावतात, कधी बाजूचं थोडं दिसेल अशी फट ठेवून, म्हणजे कुणी आलंच तर घोड्याला ते कळावं.

आता मागच्यांकडे बघू. हवेच्या विरोधाला लागणारी शक्ती वेगाच्या घनानं वाढते. वेग पाच टक्के वाढवला की ती सोळा टक्के वाढते. कुणाच्या मागे दडून पळणं म्हणूनच मोलाचं. लंडनच्या रॉयल व्हेटरनरी कॉलेजच्या संशोधकांनी ३,३५७ रेसमधल्या ४४,८०३ धावांची जागा रेडिओ यंत्रणेनं दर सेकंदाला मोजली, आणि आडोशाचा हा फायदा निकालापर्यंत पोचतो असं २०१२ मध्ये दाखवलं. पण आडोसा एक-दोन लेंग्थपुरताच असतो. एका लेंग्थनं पुढे असणारा घोडा प्रतिस्पर्ध्याला फुकट आडोसा देतो, वीस लेंग्थनं पुढे असणारा कुणालाच देत नाही. मग कळपाच्या तोंडाशी असलेल्याला वारा स्वतःच कापावा लागतो. त्यानं पाठलाग सुरू केला तर खर्च त्याचा आणि फायदा त्याच्या मागे दडलेल्यांचा. मांजराच्या गळ्यात घंटा कोण बांधणार? प्रत्येक जॉकी दुसऱ्याची वाट बघतो, आणि कळप नकळत संथ होतो. एका मैदानात दोन रेस चालू होतात.

जपानी लोकांकडे या डावाला स्वतंत्र शब्दच आहे, ‘ओओनिगे’, मोठं पलायन. २००९ च्या क्वीन एलिझाबेथ कपमध्ये क्वीन स्पुमांते आणि टी. एम. प्रिक्युअर या दोन घोड्या अशाच सुटल्या. सगळ्यांची नजर ब्वेना व्हिस्तावर होती, ती शेवटी तुफान आली आणि तिसरी ठरली. २०२२ च्या शरद ऋतूतल्या ‘तेन्नो शो’ या रेसमध्ये पँथालासा या घोड्यानं २००० मीटरपैकी पहिले १००० मीटर ५७.४ सेकंदांत कापले. मागच्या कळपातून इक्विनॉक्सनं शेवटचे ६०० मीटर ३२.७ सेकंदांत काढले, म्हणजे ताशी ६६ किलोमीटर, आणि पँथालासाला एका लेंग्थनं हरवलं. तिथे पाठलाग वेळेवर सुरू झाला, एवढाच फरक.

सरळ पट्ट्यात आल्यावर पुढच्या जॉकीजवळ करण्यासारखं फार थोडं उरतं, बिघडवण्यासारखं पुष्कळ. वळणावर आतल्या बाजूचा पुढचा पाय शेवटी टेकत असतो आणि जास्त राबत असतो; सरळ पट्ट्यात घोड्यानं पाय बदलला तर ताजा पाय कामाला येतो. बदलला नाही तर घोडा एका बाजूला झुकत जातो. मागे वळून बघायचं नाही, कारण खांदा वळला की वजन सरकतं. बघायचंच तर काखेखालून. रिकिबीवर ओणवं राहून आपलं अंग घोड्याच्या उसळीपासून अलग ठेवणं हे जॉकीचं सगळ्यात कष्टाचं काम. ही बैठक रूढ झाली त्या सुमारास, १८९७ ते १९१०, रेसच्या वेळा पाच ते सात टक्क्यांनी सुधारल्या. दमलेला जॉकी खोगिरावर बसला की हा फायदा तिथेच संपतो.

आणि चाबूक. १९७३ च्या ग्रँड नॅशनल या इंग्लंडमधल्या अडथळ्यांच्या रेसमध्ये क्रिस्प हा घोडा ७६ किलो वजन घेऊन तीस अडथळे पार करून आला, बाकीच्यांना कितीतरी मागे टाकून. मागून येणाऱ्या रेड रमवर त्याच्यापेक्षा साडेदहा किलो कमी होते. शेवटच्या अडथळ्यानंतर साडेचारशे मीटरचा पट्टा असतो आणि त्यात मध्येच उजवीकडे वळावं लागतं. क्रिस्पचा जॉकी रिचर्ड पिटमननं उजवा हात लगामावरून काढून चाबूक मारला. दमलेल्या घोड्याला सरळ धरून ठेवणारा तो हात सुटला आणि घोडा डावीकडे झुकला. त्याला पुन्हा उजवीकडे आणण्यात काही झेपा गेल्या. सव्वासात किलोमीटरनंतर क्रिस्प रेड रमकडून पाऊण लेंग्थनं हरला, म्हणजे १.८ मीटरनं. दोन्ही घोड्यांनी त्या दिवशी मैदानाचा जुना विक्रम मोडला होता, आणि ती चूक आपली होती हे पिटमन स्वतःच सांगत आला.