'मेरी' नव्हे, 'मिस हॅमिल्टन': एका नकाराची पार्श्वभूमी

अमेरिकेतल्या कृष्णवर्णीय स्त्रियांचे कौतुक करताना त्यांची सोशिकता सगळ्यात आधी आठवली जाते. त्यांच्या इतिहासात मात्र ठिकठिकाणी भेटतो तो नकार. एकेरी हाक मारलीत तर उत्तर देणार नाही, असा एक नकार १९६४ साली थेट सर्वोच्च न्यायालयापर्यंत पोहोचला. आज अमेरिकी संसदेत, प्रचारसभांत आणि रुग्णालयांत जे वाद होतात, त्यांच्याकडे बघताना तो खटला माहीत असायला हवा.

त्याआधीचा काळ थोडक्यात. १८५० आणि १८६० च्या जनगणनेत गुलामांच्या वेगळ्या याद्या झाल्या. त्यांत नाव मालकाचे. गुलामाचे बहुधा फक्त वय, लिंग आणि वर्ण. गुलामी संपल्यावर १८७० च्या जनगणनेत ही माणसे नावानिशी नोंदली गेली, पण दक्षिणेत नाव मिळाले म्हणून मान मिळाला नाही. गोऱ्या बाईला 'मिस' किंवा 'मिसेस'. काळी बाई तरुण असेल तर 'गर्ल', म्हातारी झाली की 'आंटी', एरवी नुसते पहिले नाव. आपल्याकडे 'आंटी' कुणालाही सहज म्हटले जाते. तिथे तो शब्द 'मिसेस' म्हणावे लागू नये म्हणून वापरत. मालकाची शाळकरी पोरेही पन्नाशीच्या मोलकरणीला नावाने हाका मारत, आणि तिने मात्र त्या पोरांशी अदबीने बोलायचे.

१९६३ च्या जूनमध्ये अलाबामातल्या गॅड्सडेनमध्ये निदर्शनांनंतर अटका झाल्या. त्यांना आव्हान देणाऱ्या अर्जावर २५ जूनला सुनावणी होती. साक्षीला उभी राहिलेली मेरी हॅमिल्टन ही नागरी हक्क चळवळीची कार्यकर्ती, १९६१ च्या फ्रीडम राइड्समध्ये, म्हणजे बसमधल्या वर्णभेदाविरुद्ध काढलेल्या बसफेऱ्यांमध्ये, तुरुंग पाहून आलेली. सरकारी वकिलाने नाव विचारले. तिने 'मिस मेरी हॅमिल्टन' असे सांगितले. पुढच्याच प्रश्नात त्याने 'मेरी' म्हटले. माझे नाव मिस हॅमिल्टन आहे, मला नीट संबोधा, असे तिने बजावले. वकिलाने पुन्हा 'मेरी'च म्हटले. न्यायाधीशाने उत्तर देण्याचा हुकूम सोडला, तिने तो मानला नाही. न्यायालयाच्या अवमानाबद्दल पाच दिवस कैद आणि ५० डॉलर दंड झाला. कैद तिने भोगली. दंड भरायला ती तयार झाली नाही.

अशा नकाराची किंमत काय असू शकते, हे त्याच महिन्यात मिसिसिपीतल्या विनोना गावी दिसले होते. ९ जूनला अटक केलेल्या एका कार्यकर्तीला पोलिसांनी 'सर' म्हणत नाही म्हणून कोठडीत मारहाण केली. डिसेंबरमध्ये ते पोलीस निर्दोष सुटले. हॅमिल्टन साक्षीच्या पिंजऱ्यात उभी होती ती या वातावरणात.

अलाबामाच्या सर्वोच्च न्यायालयाने शिक्षा कायम केली. कारण दिले ते असे: नोंदीप्रमाणे हिचे नाव 'मेरी हॅमिल्टन' आहे, 'मिस मेरी हॅमिल्टन' नाही, आणि स्वतःच्या नावाने हाक मारणे कायद्याला मान्य आहे. हा युक्तिवाद वरवर बिनतोड वाटतो. पण त्याच न्यायालयांत गोऱ्या साक्षीदारांना 'मिस्टर', 'मिसेस' लावत असत. प्रश्न नावाचा नव्हताच, दोन माणसांना दोन रीती लावण्याचा होता, आणि त्या प्रश्नाला राज्याच्या न्यायमूर्तींनी हातच घातला नाही.

३० मार्च १९६४ ला केंद्रीय सर्वोच्च न्यायालयाने ही शिक्षा सहा विरुद्ध तीन मतांनी रद्द केली. तोंडी युक्तिवाद ऐकले नाहीत, सविस्तर निकालपत्रही लिहिले नाही. आदेशात आधार म्हणून एका वर्षापूर्वीच्या व्हर्जिनियातल्या प्रकरणाचा दाखला तेवढा दिला. ते प्रकरण न्यायालयात गोऱ्या-काळ्यांनी वेगवेगळे बसण्याच्या सक्तीचे होते. म्हणजे वेगळे बाक जसे चालणार नाहीत, तसे वेगळे संबोधनही चालणार नाही, हा अर्थ वाचणाऱ्याने काढायचा. तीन न्यायमूर्तींना तर अर्ज दाखल करून घेणेच गरजेचे वाटले नव्हते. काही अभ्यासक या आदेशाला मोठा विजय मानतात. विजय तो होताच, पण पाच दिवस तुरुंगात काढलेल्या बाईला तिचे म्हणणे बरोबर का होते, हे चार ओळींत तरी सांगायला हवे होते असे मला ठामपणे वाटते. कारणे न लिहिलेला निकाल लवकर विस्मरणात जातो. त्यात १९६१ चा एक वेगळाच खटला नेमका याच 'हॅमिल्टन विरुद्ध अलाबामा' शीर्षकाचा, त्यामुळे शोधणाऱ्यांचा गोंधळ होतो तो निराळाच.

सत्तरच्या दशकात स्त्रीवादी चळवळीने 'मिस' आणि 'मिसेस' टाकून 'मिझ' हे संबोधन पुढे आणले, कारण बाईची ओळख लग्नावरून ठरू नये. मागणी रास्त होती. न्यूयॉर्कच्या एका मोठ्या दैनिकाने ते १९८६ मध्ये स्वीकारले. पण ज्यांना 'मिसेस' म्हणवून घेण्यासाठी झगडावे लागले होते, त्या अनेक काळ्या स्त्रियांना ते इतक्या सहज सोडवेना, आणि त्यांच्या या संकोचाला मागासपणा समजणे अन्यायाचे होते.

अलीकडच्या घटना वाचकांना ठाऊक आहेतच. ऑक्टोबर २०२० मध्ये जॉर्जियातल्या सभेत एका सेनेटरने उपाध्यक्षपदाच्या उमेदवार असलेल्या आपल्याच सहकारी सेनेटरचे, कमला हॅरिस यांचे, नाव मुद्दाम वेडेवाकडे उच्चारले. 'कमला' हे नाव अवघड नाही, हे मराठी माणसाला सांगायला नको. मे २०२४ मध्ये संसदीय समितीच्या बैठकीत एका काळ्या सदस्येच्या पापण्यांवर शेरा मारला गेला. तिने तिथल्या तिथे उलट प्रश्न विचारला.

सर्वात गंभीर धागा रुग्णालयांत आहे. 'या बायका कणखर असतात' हे कौतुक तिथे त्यांच्यावरच उलटते, कारण कणखर माणसाची वेदना कुणी मनावर घेत नाही. व्हर्जिनियातल्या एका विद्यापीठाच्या २०१६ च्या अभ्यासात सहभागी झालेल्या गोऱ्या वैद्यकीय विद्यार्थ्यांपैकी आणि निवासी डॉक्टरांपैकी सुमारे निम्म्यांना काळ्या माणसांच्या शरीराबद्दलची किमान एक चुकीची समजूत खरी वाटत होती. कातडी जाड असते, ही त्यांतलीच एक. २०२१ मध्ये दर एक लाख जिवंत जन्मांमागे कृष्णवर्णीय मातांचे मृत्यू ६९.९ होते, गोऱ्या मातांचे २६.६. बाळंतपणात दुखणे वारंवार सांगूनही कुणी ऐकले नाही, अशा तक्रारी आता त्या स्त्रिया आणि त्यांची कुटुंबे नावानिशी, जाहीरपणे मांडत आहेत.