विमानात बसण्याआधी : काशी-अयोध्या यात्रेच्या मंडळींसाठी

नमस्कार मंडळी,

यंदा आपण काशी-अयोध्येला पुण्याहून विमानाने निघतोय. गटातली निम्म्याहून जास्त मंडळी पहिल्यांदाच विमानात बसणार आहेत. एसटी आणि रेल्वेने आयुष्यभर फिरलेल्या माणसाला विमानातले नियम जाचक वाटतात. दरवेळी कुणीतरी विचारतंच, "एवढं काय त्यात?" म्हणून इथे नियमाबरोबर कारणही सांगतोय.

आधी पूजेची पिशवी उघडा. काडेपेटी, लायटर आणि कापूर काढून ठेवा. हातातल्या पिशवीत नको आणि चेक-इनच्या, म्हणजे विमानाच्या पोटात जाणाऱ्या बॅगेतही नको. ओटीतली सुक्या खोबऱ्याची वाटीसुद्धा काढा. खोबऱ्यात तेल असतं, ते तापून आपोआप पेट घेऊ शकतं, म्हणून धोकादायक मालाच्या जागतिक यादीत त्याचं नाव आहे. तुमच्या श्रद्धेला कुठेही बाधा येणार नाही. ओटीचं सगळं सामान विश्वनाथ गल्लीत मिळतं, ते आम्ही तिथे आणून देऊ. येताना गंगाजलाचा डबा घट्ट बंद करून चेक-इनच्या बॅगेत जाईल.

पॉवर बँकेचं, म्हणजे मोबाइल चार्ज करायच्या जादा बॅटरीचं, मात्र उलटं आहे. ती चेक-इनच्या बॅगेत अजिबात ठेवायची नाही, कारण सामानाच्या तळघरात ती पेटली तर तिथे माणूस पोहोचत नाही. ती जवळ ठेवा, आणि डोक्यावरच्या कप्प्यात न टाकता अंगाजवळच्या पिशवीत ठेवा. जानेवारी 2025 मध्ये दक्षिण कोरियातल्या बुसानजवळच्या विमानतळावर उभं असलेलं विमान आगीत जळालं. माणसं सगळी जिवंत बाहेर पडली, पण आग वरच्या कप्प्यातून लागली होती आणि संशय पॉवर बँकेवरच आला. त्याच वर्षी ऑक्टोबरमध्ये दिल्लीहून दिमापूरला निघालेल्या विमानात एका प्रवाशाची पॉवर बँक पेटली. ती डोळ्यांसमोर होती म्हणून कर्मचाऱ्यांनी लगेच विझवली. साधारण 20,000 एमएएचपर्यंतची चालते, हा क्षमतेचा आकडा तिच्यावरच छापलेला असतो. फुगलेली किंवा छाप पुसलेली घरीच ठेवा.

मागच्या कार्तिकातल्या यात्रेत आपल्या एका काकांचा मोबाइल खुर्चीच्या फटीत गेला. काका वाकून, खुर्ची मागेपुढे करून तो काढायला लागले. हवाईसुंदरी धावत आली, त्यांना हात धरून उठवलं आणि खुर्चीला हात लावू दिला नाही. काकांना अपमान झाल्यासारखं वाटलं. पण खुर्चीच्या यंत्रात मोबाइल चेमटला की बॅटरी पेटते, हे कळल्यावर त्यांनीच तिचे आभार मानले. फोन पडला तर जागचे हलू नका, फक्त बटण दाबून कर्मचाऱ्यांना बोलवा.

आता पट्टा. हा परिच्छेद कृपया दोनदा वाचा. विमानातला पट्टा गाडीसारखा बटण दाबून सुटत नाही, वरची धातूची पट्टी उचलावी लागते. तो पोटावर न बांधता खाली, मांड्यांच्या वर, कमरेच्या हाडांवर घट्ट बसवायचा. शाल पांघरली असेल तर पट्टा शालीच्या वरून लावा. म्हणजे झोप लागली तरी तो लावलाय हे कर्मचाऱ्यांना दिसतं आणि ते तुम्हाला उठवत नाहीत. डोक्यावरचा पट्ट्याचा दिवा विझला तरी पट्टा सोडू नका. मे 2024 मध्ये लंडनहून सिंगापूरला जाणारं विमान न्याहारी चालू असताना हवेच्या झोतात सापडलं आणि पाच सेकंदांच्या आत सुमारे 54 मीटर खाली आलं. पट्टा न लावलेली माणसं छतावर आदळली. एका प्रवाशाचा जीव गेला, कित्येक जखमी झाले. असं क्वचितच होतं, पण ते आधी सांगून येत नाही. लघवीला जायचं तर जाऊन या आणि बसल्याबरोबर पट्टा लावा.

काही गोष्टींनी उगाच घाबरायला होतं, त्या आधीच सांगतो. छताजवळून पांढरा धूर येताना दिसेल. तो दमट हवेत एसीने झालेलं धुकं असतं. उडाल्यावर पायाखाली धाडकन आवाज होईल, ती चाकं आत जातात. कधी जमिनीला टेकता टेकता विमान पुन्हा वर जातं. धावपट्टी मोकळी नसेल किंवा वारा बदलला असेल, तर वैमानिकाने असंच करायला हवं. आतली हवा कळसूबाईच्या शिखरापेक्षाही थोडी विरळ असते, त्यामुळे कानांना दडे बसतात. गोळी चघळत राहा, आवंढा गिळा. दम्याच्या आणि हृदयाच्या रुग्णांनी डॉक्टरांना आधी विचारावं आणि औषधं हातातल्या पिशवीतच ठेवावीत.

शेजाऱ्याशी वागणं आपल्या मंडळींना शिकवावं लागत नाही. एवढंच, की खुर्ची मागे टेकण्याआधी मागे वळून बघा. खिडकी ज्याची, त्याच्याकडेच राहू द्या. कर्मचाऱ्यांवर आवाज चढवू नका. गैरवर्तन ठरलं तर शिवीगाळीसाठी तीन महिने आणि धक्काबुक्कीसाठी सहा महिने विमानप्रवासाची बंदी येऊ शकते. जिवाला धोका झाला तर ती दोन वर्षांपासून पुढे जाते.

विमान थांबेपर्यंत उठायचं नाही. पट्ट्याचा दिवा विझल्याशिवाय वरचे कप्पे उघडायचे नाहीत, कारण अचानक ब्रेक लागला तर बॅग पुढच्याच्या डोक्यात पडते. आणि कधी घाईने विमान रिकामं करायला सांगितलं, तर बॅग, पर्स, देवाची पिशवी, सगळं तिथेच सोडून निघा. अर्धी दारं बंद असली तरी सगळी माणसं 90 सेकंदांत बाहेर पडली पाहिजेत, या हिशोबाने विमानं बांधतात. जानेवारी 2024 मध्ये टोकियोच्या हानेदा विमानतळावर पेटलेल्या विमानातून 379 माणसं जिवंत बाहेर आली. त्यांनी सामान मागेच ठेवलं होतं.

निघण्याच्या दोन दिवस आधी संध्याकाळी पाच वाजता भरलेली बॅग आणि पूजेची पिशवी घेऊन कार्यालयात या. पॉवर बँकही आणा. सगळं एकत्र उघडून बघू. चाकाची खुर्ची लागणार असेल तर आजच कळवा, कारण विमान कंपनीला ते निदान 48 तास आधी सांगावं लागतं.