मायटिलॉप्सिस सॅली

बोटाच्या पेरात मावेल एवढा, काळपट पट्ट्यांचा आणि पातळ कवचाचा हा आक्रमक शिंपला जगातल्या अनेक बंदरांत पसरला आहे. कॅरिबियन समुद्र आणि मेक्सिकोचे आखात हे त्याचे मूळ घर. लांबी साधारण अडीच सेंटिमीटरपर्यंत भरते. पिल्लांच्या कवचावर नागमोडी रेघा ठळक दिसतात, वाढलेल्या शिंपल्यात त्या पुसट होतात. आपल्याकडच्या शिनाण्यांशी, म्हणजे खडकांना चिकटणाऱ्या खाद्य शिंपल्यांशी, त्याची गल्लत सहज होते. कवच उघडून पाहावे : टोकाशी आतल्या बाजूला छोट्या फळीसारखा पडदा दिसला, तर तो शिनाणा नव्हे. उत्तर अमेरिकेच्या गोड्या तळ्यांत धुमाकूळ घालणारा झेब्रा शिंपला याचाच भाऊबंद.

चिवटपणा हे त्याचे खरे बळ. जवळजवळ गोड्या पाण्यापासून समुद्राहून खारट पाण्यापर्यंत कुठेही तो तग धरतो. पावसाळ्यात खाडीचे पाणी गोडे पडले की समुद्री जिवांची दाणादाण उडते. हा टिकून राहतो. जेमतेम महिनाभराचा झाला की प्रजननाला तयार. त्याच्या डोळ्यांना न दिसणाऱ्या अळ्या पाण्यात तरंगतात, मग खांब, साखळदंड, जहाजाचे बूड, दुसऱ्या शिंपल्याचे कवच, जे मिळेल त्यावर चिवट धाग्यांनी चिकटतात. पुढची पिढी आधीच्या पिढीच्या पाठीवर बसते आणि थरावर थर चढतो. खालच्या थरात दबलेली स्थानिक कालवे गुदमरून मरतात.

हा प्रवास माणसाने घडवला. रिकामे जहाज तोल राखण्यासाठी टाक्यांत समुद्राचे पाणी भरते आणि माल चढवताना ते दुसऱ्या बंदरात सोडते. या बॅलास्ट पाण्यातून अळ्या जातात. मोठे शिंपले बुडाला चिकटून येतात. हाँगकाँगला तो १९८० च्या सुमारास व्हिएतनामी निर्वासितांच्या नौकांच्या बुडाला लागून पोहोचला, अशी नोंद आहे.

भारतात तो प्रथम १९६७ साली विशाखापट्टणम बंदरात आढळला आणि १९७० च्या दशकात मुंबईत. त्यानंतर मुंबईच्या गोद्यांतून तो हटलेला नाही. बॅलास्ट पाण्याच्या जागतिक कार्यक्रमासाठी २००० साली जगभरातून निवडलेल्या सहा ठिकाणांत मुंबईचा समावेश होता. त्यानंतर गोव्याच्या राष्ट्रीय समुद्रविज्ञान संस्थेने मुंबई आणि जवाहरलाल नेहरू बंदरांतल्या जिवांची पाहणी केली. हे काम महत्त्वाचे, कारण आधी कोण राहत होते हे ठाऊक असल्याशिवाय नवा कोण आला हे कळणार कसे?

केरळात अष्टमुडी कायलात (समुद्राला जोडलेल्या खाऱ्या सरोवरात) याच धाटणीचा दुसरा उपरा, दक्षिण अमेरिकेचा चारू शिंपला, माजला आहे. तिथे त्याला ‘वरत्तन कक्का’ म्हणतात, म्हणजे परका शिंपला.

एकदा पसरलेला समुद्री जीव हटवणे जवळजवळ अशक्य असते. ऑस्ट्रेलियातील डार्विन हा अपवाद, आणि तो का घडला हे मुळातून पाहण्यासारखे आहे. मार्च १९९९ मध्ये तिथल्या कलन बे नौकातळात (छोट्या खासगी नौका ठेवण्याच्या गोदीत) पाणबुड्यांना हा शिंपला खांबांवर दाटीने चिकटलेला दिसला. सहाच महिन्यांपूर्वीच्या पाहणीत तो नव्हता. डार्विनला भरती-ओहोटीत पाणी काही मीटर चढते-उतरते, म्हणून आतले पाणी अडवून धरायला तिथल्या नौकातळांना झडपेचे दरवाजे आहेत. ते लगेच बंद झाले. आतल्या साऱ्या पाण्यात क्लोरीन आणि मोरचूद ओतला गेला, बाहेर गेलेल्या शेकडो नौकांचा माग काढून त्यांची बुडे तपासली गेली. आतले बाकीचे जीवही मेले. तो मोल देऊनच घेतलेला निर्णय होता. काही आठवड्यांत शिंपला नामशेष झाला. उघड्या खाडीत हे साधले नसते. विशाखापट्टणम आणि मुंबईत तो ध्यानात येईपर्यंत ती वेळ निघून गेली होती.

बॅलास्ट पाण्याविषयीचा आंतरराष्ट्रीय करार २००४ मध्ये झाला आणि ८ सप्टेंबर २०१७ पासून लागू आहे. बुडाला चिकटून येणाऱ्या जिवांसाठी मात्र २०११ पासून मार्गदर्शक सूचना आहेत, बंधन नाही. डार्विनमध्ये परदेशाहून आलेल्या नौकेला नौकातळात शिरण्याआधी आजही बुडाची तपासणी करून घ्यावी लागते.